शेवटची ओळ

चष्मेवाल्याने जुना तक्ता दिव्याच्या पेटीतून ओढला, तर त्याचा एक कोपरा पेटीतच राहिला. बावीस वर्षांचा कागद, ट्यूबच्या उजेडाने पिवळा पडलेला. कोपरा त्याने चिमट्याने काढला, पेटीची काच आतबाहेर पुसली आणि नवा तक्ता सरकवला. वर एकच मोठ्ठं अक्षर, मग दोन, मग तीन, आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांची शेवटची ओळ. मांडणी तीच, वरच्या दोन ओळीही त्याच; खालची अक्षरं मात्र सगळी निराळी.

तेवढ्यात चिमी शाळेतून आली. नऊ वर्षांची, त्याची एकुलती एक मुलगी. तिने दप्तर काउंटरखाली ढकललं आणि रोजच्यासारखी तपासणीच्या उंच खुर्चीवर चढून बसली.

"शेवटची ओळ, चिमाबाई!" तो म्हणाला. हा त्यांचा जुना खेळ.

"न, ट, च, ध, ल, ख," चिमी पाय हलवत म्हणाली. "उलटी म्हणू?"

चष्मेवाला पेटीकडे बघत राहिला. तळाच्या ओळीत न नव्हता, ट नव्हता, त्यातलं एकही अक्षर नव्हतं.

"पुन्हा वाच बघू."

"न, ट, च, ध, ल, ख. बरोबर ना?"

त्याने हातातलं फडकं काउंटरवर ठेवलं. मग उगीचच उचललं आणि पुन्हा ठेवलं.

या चष्मेवाल्याचा एक नियम होता, आणि त्या नियमाचा त्याला तोरा तरी केवढा! भिंगातून बघताना गिऱ्हाईक अडखळलं, की ते हमखास त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं. "माझ्या तोंडावर काही लिहिलेलं नाही," तो म्हणायचा. "मी सांगितलं तर चष्मा माझ्या डोळ्यांचा होईल, आणि घालायचाय तुम्हाला." बावीस वर्षांत त्याने कुणाला एक अक्षर सुचवलं नव्हतं.

पण हा नियम त्या खुर्चीपुरता. निवडणुकीच्या दिवसांत चार गिऱ्हाइकं जमली, की तो मोठ्याने विचारायचा, "काय चिमे, या खेपेला कोण यायला हवं?" आणि चिमी त्याच्याच पक्षाचं नाव घ्यायची, त्याचीच तीन कारणं त्याच्याच हातवाऱ्यांसकट घडाघडा सांगायची. लोक हसायचे, वा वा करायचे. "आमच्या घरात लहानपणापासून स्वतंत्र विचार," तो सांगायचा. आणि गंमत म्हणजे, त्याला ते खरंच तसं वाटायचं.

नाक मुरडायचे ते फक्त आजोबा. म्हणजे चष्मेवाल्याचे वडील, अण्णा. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, दोन गल्ल्यांपलीकडे एकटे राहणारे, आणि मत नेमकं दुसऱ्या बाजूचं. दुपारी चिमीला शाळेतून तेच आणायचे. दुकानातल्या बाकावर बसून तिला पेपर वाचून दाखवायचे आणि मध्येच थांबून विचारायचे, "तुला काय वाटतं गं?" चिमी बापाकडे बघायची. "त्याला नाही, तुला विचारतोय," आजोबा म्हणायचे. एवढ्यानेही चष्मेवाल्याचं डोकं फिरायचं.

निकाल लागला त्या आठवड्यात ठिणगी पडली. कोण काय म्हणालं ते आता उगाळण्यात हशील नाही. बोलू नये ते दोघंही बोलले. "माझ्या पोरीच्या डोक्यात भलतंसलतं भरू नका," चष्मेवाल्याने शेवटी सुनावलं. आजोबा उठले, छत्री घेतली आणि दारात थांबले.

"आपलं भांडण राहू दे बाजूला," ते म्हणाले. "पोरीचे डोळे तपास. पुस्तक नाकाला लावून वाचते ती."

झालं! त्याच्याच दुकानात, गिऱ्हाइकांदेखत, त्याच्याच धंद्यातलं त्याला शिकवायचं? त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चिमीला उचलून त्याने खुर्चीवर बसवलं. "वाच गं शेवटची ओळ. दाखव आजोबांना." चिमीने एकदा आजोबांकडे बघितलं, एकदा बापाकडे, आणि न अडखळता सहाही अक्षरं म्हणून दाखवली.

"बघा," चष्मेवाला म्हणाला. "राजकारण काय नि डोळे काय, तुमचं आपलं ठोकून देणं चाललेलं असतं."

आजोबा गेले, ते पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत. या गोष्टीला सात महिने झाले होते.

"चिमे," त्याने आता विचारलं, "ती ओळ दिसते का तुला?"

तिचे पाय हलायचे थांबले. "वरच्या दोन ओळी दिसतात. खालचं सगळं पुसल्यासारखं."

"मग त्या दिवशी? आजोबा होते तेव्हा?"

"पाठ होती ना. तुम्हाला जिंकायचं होतं ना, बाबा."

तक्रार म्हणून नाही, अगदी सहज म्हणाली ती. बाईंनी वहीत दोनदा लिहून पाठवलं होतं, फळ्यावरचं उतरवून घेत नाही. त्यावर त्याने तिला रागावून घेतलं होतं. डोकं दुखतं म्हणाली तर, "नाटकं पुरेत." स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्याला.

तपासणीची जड गोल फ्रेम त्याने तिच्या नाकावर चढवली. भिंगांची पेटी उघडली. एक भिंग घातलं, काढलं, दुसरं घातलं.

"हे बरं, की आधीचं?"

चिमीने मान वळवून त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. "तुम्हाला कुठलं बरं वाटतं?"

तोंडावर काही लिहिलेलं नाही, हे इतक्या लोकांना ऐकवलेलं वाक्य त्याने तिला ऐकवलं नाही. तो खुर्चीच्या मागे जाऊन उभा राहिला आणि तिथूनच हात पुढे करून भिंगं बदलू लागला. "आता मी दिसत नाही तुला. समोर बघ आणि सांग."

रस्त्यावरून दोन सायकली गेल्या. "आधीचं," ती अखेर पुटपुटली, चूक करत असल्यासारखी. त्याचा अंदाज दुसऱ्याचा होता. त्याने आधीचंच लिहून घेतलं.

दोन्ही डोळ्यांना भिंगं बसली तशी ती दाराबाहेर बघू लागली. "अय्या! समोरच्या फुटपाथवर कोण आहे ते चेहऱ्यावरून कळतं!"

समोरचा फुटपाथ. महिन्यापूर्वी तिथेच आजोबा उभे राहिले होते. शाळेतून येणाऱ्या नातीला बघून त्यांनी हात वर केला होता, आणि चिमी सरळ पुढे निघून आली होती. "दिसले नाहीत मला," ती म्हणाली होती. चष्मेवाल्याने दुकानातून सगळं पाहिलं होतं. पोरगी आपल्या बाजूची आहे म्हणून तो मनातून खूश झाला होता, आणि तिला खाऊला पैसेही दिले होते. म्हाताऱ्याचा हात किती वेळ वरच राहिला होता, ते त्याला आत्ता आठवलं.

"संध्याकाळी आजोबांकडे जाऊ," तो तिच्या मागूनच म्हणाला.

"कशाला?"

"माफी मागायला. ते बरोबर होते. मी चुकलो."

चिमीने थोडा विचार केला. मग ती खुर्चीत पुरती मागे वळली, गुडघ्यांवर बसली आणि त्या जड फ्रेममधून त्याचा चेहरा निरखू लागली.

"म्हणजे आता आपण आजोबांच्या पक्षाचे का?" तिने विचारलं. "कारणं सांगा ना, बाबा. संध्याकाळपर्यंत पाठ करते."