काळ्याजवळचा निळा

टिबेटने कोटाची बाही मुठीत धरून करकचून आवळली, मनात दहापर्यंत आकडे मोजले आणि मूठ उघडली. कापड क्षणभर चुरगळलेलं राहिलं, मग आपसूक सरळ झालं.

"एकोणीस वर्षं झाली, साहेब, पण कोट अजून ठणठणीत आहे. मीच कापला होता हा."

"कोट ठणठणीत आहे हो, पँटची पार चाळण झालीये," पेनहेल म्हणाले. "एकाच कपाटात शेजारी शेजारी टांगलेली दोन्ही, पण कसरीला मेली पँटच आवडली."

पेनहेल शनिवारी लंडनमधल्या एका जुन्या व्यापारी मंडळाचे अध्यक्ष होणार होते. दोनशे माणसांची मेजवानी आणि मेणबत्त्यांचा उजेड. पाच दिवसांत नवा सूट होणं शक्य नव्हतं, आणि त्यांना तो नकोही होता. कोटाचा रंग काळ्याच्या अगदी जवळचा निळा. मेणबत्तीच्या उजेडात हा निळा काळ्याहून काळा दिसतो आणि खरा काळा त्याच्याशेजारी हिरवट, विटका वाटतो. त्या कोटाखाली काळी पँट गेली असती तर निम्म्या पंगतीला ते सूप येण्याआधीच कळलं असतं.

"जुळेल ना, टिबेट?"

"जवळपासचं काही मी देतच नाही, साहेब. एकतर तंतोतंत, नाहीतर सरळ वेगळं. जवळपासचं असलं की चूक दिसते."

हे वाक्य तो या शिंप्याच्या दुकानात कापड कापता कापता छत्तीस वर्षं बोलत आला होता. मालक लॅस्कमसुद्धा ते गिऱ्हाइकांना ऐकवायचा, आणि तेही स्वतःचं असल्यासारखं.

प्रत्येक सुटाचं उरलेलं कापड दुकानात जपून ठेवलेलं असे. त्या वर्षाच्या पेटीत दोन गुंडाळ्या निघाल्या, एकाच गिरणीच्या आणि एकाच विणीच्या. एक काळी होती आणि एक निळी. चिठ्ठ्या मात्र कधीच गळून पडल्या होत्या. टिबेट दोन्ही घेऊन दुकानाच्या दारात गेला. गडद रंगाची पारख दिव्याखाली करायची नसते, ती दारातच करायची. रस्त्यावरून जाणाऱ्यांना हे दृश्य इतकं सवयीचं होतं की कोणी वळूनही पाहिलं नाही.

टिबेटला दोन्ही कापडं सारखीच दिसली.

गेल्या वर्षापासून त्याला सगळं जग कोऱ्या चहातून पाहिल्यासारखं दिसत होतं. डॉक्टर म्हणाले होते, मोतीबिंदू आहे, काढून टाकू. त्या काळी कित्येक दिवस डोकं न हलवता पडून राहायचं आणि मग जन्मभर बाटलीच्या बुडासारख्या काचांचा चष्मा. तसला चष्मा लावणाऱ्याच्या हातात आपलं कापड कोण देणार? टिबेट त्रेसष्ट वर्षांचा होता आणि त्याला फक्त कापडच कळत होतं. त्याला भीती वाटत होती, लहानपणी अंधाऱ्या जिन्यावर वाटायची तसली. इस्पितळाचं पत्र त्याने घरी खणात तळाशी घालून ठेवलं होतं.

"जमतंय ना?" मागून लॅस्कमने विचारलं.

"जमलं," टिबेट म्हणाला आणि त्याने उजव्या हातातलं कापड वर उचललं. काळ्या रंगाने सूत जरा ताठरतं, हे कापड मऊ लागतंय, म्हणजे निळंच. असं त्याने स्वतःला पटवलं.

दुपारी त्याने पँट कापली. तळघरात पँट शिवणारी आयडा क्राउच तुकडे न्यायला वर आली. बावीस वर्षं ती त्याच्या हाताखालचं काम शिवत होती. तिने तुकडे उचलले, कोटाला लावून पाहिले आणि जरा थांबली.

"काय गं, काय झालं?"

"काय व्हायचंय? गुडघे गेलेत माझे तुमचे जिने चढून. एकदा तुम्ही खाली बसा नि मी वर कापते, मग कळेल." मग तिने काखेत दुसरी गुंडाळीही मारली. "हीसुद्धा नेते. खिशांना लागेल काहीतरी."

पुढचे चार दिवस टिबेटचा जीव टांगणीला लागला होता. काळी निघाली तर पेनहेल काही बोलायचे नाहीत, ते सभ्य गृहस्थ होते. पण लॅस्कम नक्की बोलला असता, आणि तेही सगळ्यांदेखत.

शुक्रवारी पेनहेल आले. पडद्यामागून पँट घालून बाहेर आले आणि स्वतःच दारातल्या उजेडात जाऊन उभे राहिले. लॅस्कमने वाकून, डोळे बारीक करून पाहिलं.

"वा! एकाच दिवशी कापल्यासारखं दिसतंय," तो म्हणाला.

"टिबेट, तुमच्या नजरेला सलाम," पेनहेल म्हणाले. "फक्त लांबी पाव इंच कमी करा. गडी तासाभरात न्यायला येईल."

टिबेट हसला आणि पँट इस्त्रीला घेऊन गेला. तिथे तिची मागची शिवण उलटताना त्याचा हात थांबला. गिऱ्हाईक मेजवान्या खाऊन सुटतं, म्हणून मागच्या शिवणीत तो नेहमी दोन बोटं माया, म्हणजे जादा कापड, सोडायचा. दोन म्हणजे दोन. इथे माया तीन बोटं होती.

ही पँट त्याने कापलेली नव्हती.

तो तयार कपड्यांच्या दांडीपाशी गेला आणि एकेक पँट उलटून पाहू लागला. करडी फ्लॅनेलची, दोन बोटं. तपकिरी, दोन बोटं. पुढची गडद होती, तिला तीन. तिच्या शेजारच्या गडद पँटला तीन. कोणा न्यायाधीशाची एक गडद पँट कंबर सैल करायला परत आली होती. तिच्या चिठ्ठीवर नोव्हेंबरची तारीख होती. तिलाही तीनच.

पेनहेलांची पँट त्याने पाव इंच कमी केली, इस्त्री केली आणि कागदात बांधून ठेवली. टेबलावर उद्याच्या कामाची दोन गडद कापडं पडली होती, एका वकिलाच्या निळ्या कोटाशी जुळवायची. टिबेटने ती उचलली. दाराकडे दोन पावलं टाकली, मग वळला आणि जिना उतरून खाली गेला. बावीस वर्षांत तो कधी आयडाच्या खोलीत गेला नव्हता. कामच खालून वर यायचं.

ती मशीनवर होती. त्याला पाहून तिने पाय थांबवला.

"नोव्हेंबरपासून, आयडा?"

"आधी दार लावून घ्या."

त्याने दार लावलं.

"ऑगस्टपासून," ती खाली पाहत म्हणाली. "नोव्हेंबरातली ती दहावी-अकरावी असेल."

भिंतीवर एक कात्री टांगलेली होती, तिच्या मुठीला चिंधी गुंडाळलेली. आयडाच्या अंगठ्याच्या बुडाला घट्टा पडला होता, कापणाऱ्याला पडतो तिथे. हे त्याने आजवर पाहिलंच नव्हतं.

त्याने हातातली दोन्ही कापडं तिच्यापुढे ठेवली.

"यातला निळा कुठला?"