बाराव्या खाचेतलं टोपण

भीमा मास्तरांनी खिशातून पेन काढलं, त्यावर दोरा गुंडाळून घट्ट बसवलेलं लाल प्लॅस्टिकचं टोपण उपसलं आणि उघडं पेन मानसिंगरावांच्या पुढ्यात सरकवलं.

"घे. तुझं पेन."

मानसिंगराव बघतच राहिले. त्रेचाळीस वर्षं वाट बघितलेली वस्तू अशी सकाळच्या चहाआधी, काटेवाडीत त्यांच्याच ओसरीवर येऊन पडेल, असं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"आजच कसं काय?"

"काल माझ्या निरोप समारंभात माईक कुणाच्या हातात होता? 'मास्तर हुशार खरे, पण फायनल पास झाले ते माझ्या पेनावर.' अख्खं वरकुटं गाव हसलं. माझी नातवंडंसुद्धा हसली. आता नोकरी संपली, पेनाचं कामही संपलं. पेन घे अन् ते बोलणं बंद कर."

"अरे, गमतीनं बोललो मी."

"व्हय. त्रेपन सालापासनं गंमतच चाललीय तुझी."

त्रेपन साली बारामतीच्या केंद्रावर सातवीच्या फायनलला भीमाच्या टाकाचं टोक मोडलं होतं. शेजारच्या मानसिंगनं वडिलांनी पुण्याहून आणलेलं नवंकोरं पेन काढून दिलं आणि टोपण मात्र स्वतःच्या मुठीत ठेवलं. पेन उसनं देताना टोपण द्यायचं नाही, म्हणजे घेणारा परत करायला विसरत नाही, ही रीत तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातला भीमा केंद्रात पहिला आला. मानसिंग टाक-दौत घेऊन बसला आणि गणितात साफ आपटला. निकालाच्या दिवशी तो चारचौघांत म्हणाला, "पेन माझं, म्हणून पास झाला." त्यावर भीमानं सांगून टाकलं, "आधी शब्द मागं घे, मग पेन माग." शब्द मागं घेईल तो मानसिंग कसला! एकानं पेन धरून ठेवलं, दुसऱ्यानं टोपण. दोस्ती तुटली नाही, एकमेकांच्या लग्नात दोघं पंगतीत वाढायला होते, पण ह्या एका गोष्टीत कुणी माघार घेतली नाही.

पुढं ऊस चांगला लागला तसा मानसिंगरावांना पेनांचा नाद लागला. लाकडी पेटीत मखमलीवर अकरा पेनं होती आणि बाराव्या खाचेत नुसतं टोपण. आल्यागेल्याला ते पेटी दाखवत आणि टोपणाची कथा ऐकवल्याशिवाय कुणाला उठू देत नसत.

आता त्यांनी पेटी आणली, भिंग काढलं. पेनाची पारख करायची म्हटल्यावर ते इतर सगळं विसरत. पेनाचं अंग त्यांनी अंगठ्यानं खसाखसा घासलं आणि नाकाशी नेलं.

"एबोनाइट, म्हंजी कडक रबर. अजून गंधकाचा वास धरून हाय. नुसत्या प्लॅस्टिकला असा वास येत न्हाय कधी." मग त्यांनी टोपण शेजारी ठेवलं आणि त्यांचा चेहरा पडला. टोपण काजळासारखं काळं होतं. पेन मात्र तपकिरी झालं होतं, शेणाच्या गोवरीसारखं. "काय करून ठेवलंस रं हे? उन्हात ठेवलंस?"

"पहिली सात वर्षं शाळा लिंबाखाली भरायची. पेनाला एकट्याला सावली कुठनं आणू?"

मानसिंगरावांनी वही ओढली आणि आपलं नाव लिहायला घेतलं. निब कागदाला ओरबाडायला लागली. अर्धं अक्षर उठलं, अर्धं कोरडंच गेलं. त्यांनी पेन जरा फिरवून धरलं, तरी तेच.

"बिघडवलीस की निब! चौदा कॅरटची सोन्याची निब हाय ती!"

"आण हिकडं."

मास्तरांनी पेन घेतलं, आपल्या सवयीप्रमाणे आडवं धरलं आणि त्याच ओळीवर लिहिलं, 'मानसिंग.' शाई अशी सरळ उतरली, की जणू निब कालच आणलेली.

मानसिंगरावांनी पेन परत घेऊन निब भिंगाखाली धरली. बराच वेळ धरली. टोकावरचा तो बारीक ठिपका सोन्याहून कितीतरी कडक असतो, हे त्यांच्याइतकं त्या पंचक्रोशीत कुणाला माहीत नव्हतं. तो एका बाजूनं तिरका झिजून आरशासारखा गुळगुळीत झाला होता. त्यांच्या अकराही पेनांचे ठिपके गोल गरगरीत होते. त्या पेनांनी मानसिंगरावांनी कधी लिहिलंच नव्हतं.

"किती लिहिलंस रं एवढं?"

"कोण मोजतंय? चार शाळा झाल्या. पोरांचे दाखले, म्हाताऱ्यांचे अर्ज, सुनांची माहेरला पत्रं. जे पुढं येईल ते लिहीत गेलो."

मानसिंगरावांची छाती फुगली. असलं पेन अख्ख्या पुणे जिल्ह्यात कुणाच्या पेटीत नसेल, असं त्यांना वाटलं. पण ते पेन त्यांच्या हातात लिहायलाही तयार नव्हतं. त्यांनी टोपण उचललं, पेनावर ठेवलं आणि फिरवलं. आटे बरोबर बसले. काळं टोपण, तपकिरी पेन. त्यांनी ते मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशाला अडकवलं.

"हे काय?" मास्तर म्हणाले. "मला पेन नकोय, मान्या. मी पेनासाठी आलोच नव्हतो."

मानसिंगराव नुसतंच भिंग पुसत बसले. तेवढ्यात म्हाळसाबाई चहा घेऊन आल्या. लग्नापासून ही कथा ऐकून त्यांचे कान किटले होते. उघडी पेटी बघून त्या म्हणाल्या, "आणलं का भावजींनी तुमचं पेन?"

"माझं कुठलं?" मानसिंगराव एकदम मोठ्यानं बोलले. "त्याचंच हाय. अन् हे बघ, फायनल पास झाला तो त्याच्या डोक्यानं. पेनाला कुठं गणित येतंय?"

म्हाळसाबाई कपबशी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं बया! मग काल माईकवर हे बोलायला काय झालं होतं?"

"राहू द्या वहिनी," भीमा मास्तर म्हणाले. "मला ह्याच्याच तोंडून ऐकायचं होतं."