शिंप्याच्या डोक्यातली बारीक रक्तवाहिनी

मी एक रक्तवाहिनी बोलतेय. केसाहूनही बारीक. एका शिंप्याच्या डोक्यात, कानाच्या वर कुठेतरी माझं बिऱ्हाड आहे. त्यामुळे ऐकू सगळं येतं, दिसत मात्र काही नाही.

हा शिंपी माझा मालक; तो आईच्या पोटात असतानाच माझा जन्म झाला. बासष्ट वर्षं मी एकच काम केलं. रक्तातलं चांगलं तेवढं आत सोडायचं, बाकीचं बाहेर अडवायचं. माझ्या शेजारी मालकाच्या गिऱ्हाइकांची मापं राहतात. हा बाबा कधी माप लिहून ठेवत नसे. "वही कशाला? गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की बाही-छाती आपोआप आठवते," असं ऐटीत सांगे. त्या ऐटीत माझाही वाटा होता, पण मला कोण विचारतंय!

मग त्याला फ्लू झाला. आठ दिवस नुसता ताप आणि खोकला. विषाणू फुप्फुसात ठाण मांडून बसला होता. माझ्याकडे तो फिरकलाही नाही, शपथेवर सांगते. तरी शरीराचे पहारेकरी चवताळले आणि त्यांची आरडाओरड रक्तातून माझ्यापर्यंत आली. मी सुजले. माझ्या भिंतीचे सांधे सैल पडले आणि जे कधीच आत जाऊ द्यायचं नाही, तेच झिरपत गेलं. शत्रू छातीत आणि मार मला, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

ताप उतरला. मालकाने पंधरा वर्षांच्या जुन्या गिऱ्हाइकाचा, पोस्टमनचा शर्ट मनातल्या मापाने बेतला. पोस्टमन हसत म्हणाला, "मास्तर, हा कुणाचा शर्ट? माझे हात बाहीत हरवले की!"

मालक हसला नाही. टेप लावून त्याने आकडे मोठ्याने म्हटले. पुन्हा म्हटले.

त्याची बायको, म्हणजे माझी मालकीण, त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "आजार फुप्फुसाचा, पण त्याची सूज मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांनाही लागते. त्या झिरपतात."

"भरून येईल ना?" मालकिणीने विचारलं.

"पुष्कळांचं येतं. वेळ द्या."

माझ्याबद्दल बोलणं चाललं होतं आणि मलाच काही सांगता येईना.

घरी आल्यावर मालकिणीने वही काढली. "अहो, आता लिहायचंच. पहिलं माप माझं घ्या."

त्याने घेतलं. खांदा, छाती, कंबर, उंची. कुठेही अडखळला नाही. मला केवढा आनंद झाला! मग त्याने विचारलं, "बाई, नाव काय लिहू?"

चेष्टा होती का ती? तो चेष्टेखोर आहेच. मालकीण हसली, पण जरा उशिरा. तो हसला, पण तिच्यानंतर. मग तिने आपलं नाव सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर.

ते नाव माझ्याच शेजारी ठेवलेलं होतं का? खरंच ठाऊक नाही. मालक, मी भिंत लिंपतेय. किती दिवस लागतील, सांगता येत नाही. तोवर तिला पुन्हा नाव विचारायची वेळ आलीच, तर आधी तुम्ही हसा, म्हणजे तिला ती चेष्टाच वाटेल.