रुंद पडद्यावरची पंगत

पोलीस ठाण्यात साहेबांनी सीडी लावली आणि बापूराव दाराशी उभे राहून बघू लागले. त्यांच्या पोरीच्या, नूतनच्या लग्नाला महिनाही झाला नव्हता. कुरखेड्याच्या गफ्फारभाईनं शूटिंगवर अजून गाणीही भरली नव्हती, तोच पोलिसांनी ती तशीच कच्ची उचलली. लग्नात दलमचा, म्हणजे जंगलातल्या बंदूकवाल्यांचा, एक पोरगा जेवून गेला अशी खबर होती.

खबर खरी होती. पंगतीत बसलेल्याला नाव विचारायची आपल्याकडे रीत नाही. पत्रावळीपुढे बसला तो पाहुणा. पण त्याला बुंदी वाढली ती बापूरावांच्या पोरानं, प्रफुलनं, खांद्यावर हात ठेवून, हसत. तो कोण हे प्रफुलला ठाऊकही नव्हतं. पोलीस यायच्या आधी घरच्या जुन्या टीव्हीवर ते लख्ख दिसलं होतं, मागच्या ओळीत, चित्राच्या अगदी वरच्या कडेला. पोराला एकदा आत नेलं तर तो कसा परत येईल, हा विचारच बापूरावांना करवत नव्हता.

ठाण्यातला टीव्ही नवाकोरा, लांबरुंद. पडद्यावर लग्नातली बुद्धवंदना सुरू झाली. टेबलावरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीचं कपाळापासून वरचं दिसेना. तोंड उघडायचं नाही असं बापूराव ठरवून आले होते, पण हे काही त्यांना सोसवलं नाही.

"साहेब, बाबासाहेबाचं डोकं कापून राह्यलं. आमच्या टीव्हीत पुरं दिसते."

"पडदा रुंद, शूटिंग चौकोनी," शिपाई म्हणाला. "रुंदी भराले टीव्ही वरचं-खालचं कापते, भाऊ." त्यानं रिमोटचं बटण दाबलं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले आणि मधे अख्खं चित्र.

तसबीर पुरी दिसली. बापूरावांनी हात जोडले, ते जोडलेलेच राहिले. वरचं कापलं जात होतं, म्हणजे ती मागची ओळही कापली गेली असती. कोणाला काही दिसलं नसतं. पण हे शहाणपण म्हणजे वरातीमागून घोडं. आता ते मनातल्या मनात तेच बटण परत दाबत बसले.

पंगत आली.

"थांबव," साहेब म्हणाले. वरच्या कडेला तो पोरगा होता, आणि त्याच्या खांद्यावरचा हात. "हा वाढणारा कोण?"

बापूरावांनी पडद्याकडे निरखून पाहिल्यासारखं केलं. "मले नाई माहीत, साहेब. असन गावातला कोणी."

साहेबांनी मान डोलावली. "चालू कर."

प्रफुलनं बुंदीची बादली खाली ठेवली, कॅमेऱ्याच्या रोखानं पाहिलं आणि हाक मारली, "बाबा, इथी भात आणा जी."

आणि पडद्यावरचे बापूराव भाताची परात घेऊन लगबगीनं त्याच्याकडे निघाले.