कुलपातलं पांढरं ग्रीस

अहो, इकडे. खिडकीत बघा, जाड प्लॅस्टिकची, निळ्या लेबलाची, तळाशी बोटभर पांढरं उरलेली डबी. मीच बोलतेय. माणसांना माझं ऐकू जात नाही हे पुरतं कळून चुकलंय, तरी बोलते. गप्प बसून तरी काय मिळालं?

माझ्या पोटात साधंसुधं ग्रीस नाही हं. त्यात फ्लोरिन आहे. हा फ्लोरिन मूळचा महाभांडखोर वायू, दिसेल त्याच्या अंगावर धावून जाणारा. पण एकदा का कार्बनशी त्याची गाठ पडली, की स्वारी अशी शांत होते की विचारू नका. मग तेल त्याला विरघळवू शकत नाही, पेट्रोल त्याला धुऊन काढू शकत नाही, आणि शुद्ध ऑक्सिजनसुद्धा त्याला सहजासहजी पेटवू शकत नाही. आमच्याच कुळातल्या रबरी कड्या तेलात बुडवून ठेवा, फुगायचं नाव घेत नाहीत.

बाकीच्या ग्रीसचं तसं नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनच्या वाटेत त्याचा ठिपका जरी आला तरी भडका उडतो. म्हणून ऑक्सिजनच्या टाकीवरचं रेग्युलेटर दुरुस्त करणाऱ्यांकडे मी लागतेच. मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला, एका खोक्यातून आम्ही दोघी निघालो, मी आणि माझी थोरली बहीण, आणि या दुकानात येऊन पडलो.

दुकान दोघा भावंडांचं. पुढे शटर, आत लांब टेबल, मागे राहायची खोली. भाऊ रेग्युलेटर दुरुस्त करायचा, गिऱ्हाइकं त्याला मिस्त्री म्हणायची. बहीण त्याची ताई. आईच्या मागं तिनंच त्याला वाढवलं, त्यामुळे तो चाळिशीचा झाला तरी तिच्या लेखी धाकटाच. दुकानाच्या चाव्या तिच्या कमरेला.

ताई कशी? हात आखडता, जीव मोठा. महागाची वस्तू म्हणजे कुलपात. आम्हा दोघींना तिनं फडक्यात गुंडाळून खणात ठेवलं. भावानं मागितलं की राईएवढं काढून त्याच्या बोटावर टेकवायची.

"अगं ताई, डोळ्याला दिसेल एवढं तरी दे."

"पुरतं तेवढं. लोणी आहे का ते, चोपडायला?"

तो हसायचा. मी मात्र आतून जळफळायचे. अहो, वापरायसाठी जन्मले ना मी? कुलपात बसून कुणाचं भलं होतंय?

आणि तिची दुसरी खोड म्हणजे रिकामं काही टाकवायचं नाही. बिस्किटांच्या डब्यात दोरे, औषधाच्या बाटलीत शिलाई मशीनचं तेल, चहाच्या डब्यात बटणं. नव्या माणसाला त्या घरात चहा करायला सांगितला तर बटणं उकळायची. पण दोघांना सगळं पाठ होतं, कधी काही अडलं नाही.

थोरली रिकामी झाली. ताईनं तिला घासली, उन्हात ठेवली. झाकण लावून बघितलं, काढून बघितलं. "किती घट्ट बसतंय गं बाई," म्हणाली. लेबल काढायला गेली, पण आमचं लेबलही आमच्यासारखंच हट्टी, तेलाला दाद देत नाही. राहिलं तसंच. मग शटरच्या खाचांना लावायचं साधं पांढरं ग्रीस तिनं थोरलीत भरलं आणि तिला टेबलावरच्या फळीवर ठेवलं. दात ठणकत होता म्हणून लगेच दवाखान्यात निघाली. सांगायचं राहून गेलं. एवढंच झालं हो, सांगायचं राहून गेलं.

ती गेली आणि टॅक्सीवाला धावत आला. याच गल्लीतला, रोजचा ओळखीचा. त्याची म्हातारी आई घरात ऑक्सिजनवर होती आणि तिचं अडकलेलं रेग्युलेटर त्याच्या हातात.

"मिस्त्री, हातातलं सगळं सोड. टाकी भरलेली आहे पण हवा येत नाही. तिचा जीव नुसता वरखाली होतोय."

"घाबरू नकोस. बस तू. आत्ता देतो."

भावानं रेग्युलेटर उघडलं, पुसलं, नवी रबरी कडी काढली. मग माझ्या खणाला हात घातला. कुलूप. "ही ताई पण ना!" इकडेतिकडे बघितलं, आणि त्याला फळीवर थोरली दिसली.

"अरे वा! आज बाहेर ठेवून गेली की. सूर्य कुठं उगवला म्हणायचा?"

मी खणात ओरडले. खरंच ओरडले. अरे ते मी नाही! वास घे, वास! मला वास नसतो, त्याला असतो. पण भावाला त्या दिवशी सर्दी, नाक चोंदलेलं. रंग तोच, लेबल तेच. त्यानं का म्हणून संशय घ्यावा? मी आत, तो बाहेर, मध्ये लाकडाची एक फळी आणि एक टीचभर कुलूप. आपल्याच घरचा माणूस आगीत हात घालतोय आणि आपल्याला कूसही बदलता येत नाही, असा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये.

त्यानं कडीला ग्रीस लावलं. आज ताई नाही म्हणून चांगलं सढळ हातानं लावलं. रेग्युलेटर दुकानातल्या टाकीवर चढवलं. तपासायला टाकी उघडली.

भक्कन आवाज झाला. मग टॅक्सीवाल्याची किंकाळी. भावाचा आवाज आलाच नाही.

टॅक्सीवाल्यानंच त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. त्याच्या आईला शेजाऱ्यांनी दुसरीकडून रेग्युलेटर आणून दिलं, ती वाचली. भाऊही वाचला. पण उजवा डोळा गेला आणि उजव्या हाताची बोटं मुठीसारखी वळून बसली. त्या हातावरच तर सगळी भाकरी होती.

घरी आणल्यावर एकदा त्यानं विचारलं, "ताई, ते ग्रीस जुनं झालं होतं का गं?"

ताई भिंतीला धरून उभी होती. "जुनं नव्हतं रे. ते शटरचं होतं. मीच भरलं होतं त्या डबीत."

मग भाऊ म्हणाला, "झाकण चांगलं असेल. तुला टाकवलं नसेल."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. ताई तोंडात पदर कोंबून रडली.

दुकान बंद झालं. आता कुलपाला काय अर्थ? भावाला दुपारी मोठ्या मुश्किलीनं डोळा लागतो, आणि मागच्या खोलीचं दार जरा हललं की कुरकुरतं, तो दचकून उठतो. एक दिवस ताईनं खण उघडला, मला बाहेर काढलं. राईएवढं काढणाऱ्या त्या बाईनं चार बोटं भरून मला दाराच्या बिजागऱ्यांना फासलं. दुसऱ्या दिवशी खिडकीच्या, मग कपाटाच्या. जिथं जिथं आवाज, तिथं तिथं मी. आगीच्या तोंडी टिकणारी मी, आता एका झोपेची राखण करते. दार अगदी मुकं झालंय. माझ्यासारखंच.

हे बघा, बोलता बोलता तिनं मला खिडकीतून उचललं, तळातलं उरलेलंही खरवडून काढलं. थोरली स्फोटातच वितळली. आता रिकामी झाले ती मी. ताईनं मला केराच्या टोपलीत टाकलं, आणि परत काढलं. कुणी उचलून नेली तर? आणखी कुणी आणखी काही भरलं तर? लेबल नखानं खरवडून बघितलं, रॉकेलनं घासलं. निघत नाही.

"ताई," आतून भावाचा आवाज आला, "फोड ती. हातोडी टेबलावरच आहे."

ताईनं हातोडी उचलली. मला पायरीवर ठेवलं. मग सवयीनं माझं झाकण एकदा लावून बघितलं, आणि तिचा हात तसाच राहिला.

झाकण छान बसतं गं माझं, ठाऊक आहे मला. तरी मार. ताई, मार.