एदेल्मिराबाईंचे सात मार्क

एदेल्मिराबाईंनी लिनारेसच्या शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवलं आणि त्या छत्तीस वर्षांत एकाही पोराला सातपैकी सात दिले नाहीत. चिलीत शाळेचे मार्क सातावर संपतात. सात म्हणजे पैकीच्या पैकी. बाईंचा हात मात्र सहा पूर्णांक नऊला आखडायचा. पोटच्या पोराची, निबाल्दोची, सगळी गणितं बरोबर आली तरी त्याला सहा पूर्णांक नऊच, का तर गावानं तोंड उघडू नये. निबाल्दो आता अडतीस वर्षांचा घोडा झाला होता, पण तो एक दशांश अजून त्याच्या घशात अडकलेला होता.

हा निबाल्दो सान्तियागोत एका स्वस्तातल्या होस्टेलच्या काउंटरवर बसायचा. बसायचा म्हणजे आपलं म्हणायचं. चादरी बदलणं, संडास घासणं, परदेशी पोरांच्या हरवलेल्या चपला शोधणं, सगळं ह्याच्याच बोकांडी. ही त्याची चौथी नोकरी, आणि खरं सांगायचं तर पहिलीच आवडलेली. मालक फाबियान शेजारच्या आर्जेंटिनाचा, म्हणजे चिलीवाल्यांच्या मते समोरच्याचं ऐकून घ्यायचा प्रश्नच नाही. त्यानं बजावलं होतं, बुकिंगच्या साइटवर आपण दहापैकी बरोबर नऊवर टेकलोय. रविवारी दुपारी बाराला आकडा नऊच्या खाली दिसला तर चाव्या ठेव आणि चालू पड. घाबरलेल्या निबाल्दोनं आईला फोन लावला.

"आई, तीन दिवस शहर बघायला ये. इथेच पाहुणी म्हणून राहा आणि जाताना साइटवर चांगलं लिही. आयुष्यात एकदा तरी सात दे मला."

"मिळवलेस तर देईन," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

शुक्रवारी बाई आल्या त्या स्वतःची उशी, वही आणि लाल पेन घेऊनच. आठ जणांच्या खोलीत त्यांना खालचा पलंग मिळाला. वरच्या पलंगावर योस्ट नावाचा ताडमाड डच पोरगा; तो आडवा झाला की फळी बाईंच्या नाकापर्यंत यायची. बाईंनी वही उघडली. पलंग तीन. न लागणारी खिडकी दोन. नाश्त्याच्या पावावर अव्होकाडो कुठे लावलाय ते शोधावं लागलं, त्याला साडेतीन. फ्रिजमध्ये प्रत्येकानं आपापल्या डब्यावर नावाची चिठ्ठी लावली होती आणि प्रत्येक जण दुसऱ्याचंच खात होता, शिस्तीला एक. शनिवारी एकट्याच टेकडीवर जाऊन आल्या, तर तिथल्या मरियामातेच्या पुतळ्यालाही उंचीचे सहा आणि पायऱ्यांचे चार देऊन आल्या. निबाल्दो चोरून वहीत डोकावला आणि त्याचं जेवणावरचं मनच उडालं.

रविवारी सकाळी बाई आंघोळीच्या रांगेत उभ्या राहिल्या. गॅसचा गिझर मागच्या अंगणात, जूनचं, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यातलं बोचरं वारं, त्यामुळे ज्योत सारखी विझायची आणि न्हाणीघरातून किंकाळी यायची. बाईंनी खिडकीतून पाहिलं. निबाल्दो उलट्या बादलीवर बसून, हाताचा आडोसा करून काडी ओढत होता. आत कोण आहे हे त्याला दिसत नव्हतं. मग बाईंची पाळी आली. चारदा ज्योत विझली, चारदा त्यानं पेटवली, आणि चारही वेळा बाहेरून तोच शांत आवाज आला, जो आधीच्या सहा जणांना आला होता, "घाबरू नका. आत्ता येतं गरम पाणी." बाई अंगाला साबण लावून तशाच उभ्या राहिल्या आणि त्यांना रडू आलं.

त्यांनी वही आणि आपला फोन योस्टपुढे ठेवला. फोनवर लिहिणं आपल्याला जमायचं नाही, तूच लिही म्हणाल्या. योस्टनं मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, आकडा कोणता? बाईंनी एक दीर्घ श्वास घेतला.

"सात."

योस्टच्या देशात मार्क दहापैकी, आणि सात म्हणजे बऱ्यापैकी. त्यानं दहा चौकोनांतला सातवा दाबला. बाई ताठ मानेनं अकराच्या बसला गेल्या.

बाराला फाबियाननं कॉम्प्युटरचा पडदा निबाल्दोकडे वळवला. आठ पूर्णांक नऊ.

"दहापैकी सात टाकलेत कुणीतरी. लिनारेसची म्हातारी. तुझ्याच गावची ना?"

निबाल्दोनं कपाळावर हात मारला. सात माग म्हणून कुणी सांगितलं होतं? त्यानं स्वतःच्याच तोंडानं मागितले होते. मग त्यानं खालचा मजकूर वाचला. 'पलंग, खिडकी, नाश्ता, शिस्त : नापास. गिझरला दोन. गिझर पेटवणाऱ्याला सात.' त्यानं तो तीनदा वाचला.

तेवढ्यात बसमधून आईचा फोन आला. उपयोग झाला का, असं तिनं विचारलं.

"झाला, आई," तो म्हणाला. "खूप झाला."

"गावात कुणाला सांगू नकोस. घरचा म्हणून दिले म्हणतील."

निबाल्दोनं चाव्या काउंटरवर ठेवल्या आणि फाबियानला तेवढं पान छापून द्यायला सांगितलं. नोकरी गेली आणि ह्याला हसू येतंय, हे काही फाबियानला कळेना. पान छापून होतंय तोच न्हाणीघरातून किंकाळी आली. फाबियाननं सवयीनं निबाल्दोकडे पाहिलं.

निबाल्दोनं पानाची नीट घडी करून खिशात घातली आणि दुसऱ्या खिशातली काडेपेटी काढून मालकाच्या हातात दिली.