सुतकाच्या चटईला टाके

लेसिएलीचं वागणं मला पटलं नाही, आणि ते मी कुणापासून लपवलंही नाही. बाप मेला म्हणून मेलबर्नहून आली, ती घराची सुतकाची चटई शिवून घेऊन.

बाप म्हणजे माझा धाकटा भाऊ फिनाऊ. साखरेनं आधी त्याचा पाय नेला, मग त्याला. आमच्या बेटावर मेलेल्याच्या थोरल्या बहिणीचा मान सगळ्यांत वरचा. ती उशाशी बसते, चुलीकडे फिरकतसुद्धा नाही. मी बसले होते. चर्चची मंडळी गात होती, बायका एकेक येऊन त्याच्या कपाळाला ओठ लावत होत्या. मला काही होत नव्हतं. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तशी मी सगळीच.

मानाच्या माणसानं बारीक विणीची, धड चटई कमरेला गुंडाळायची. मुलांनी जाड आणि फाटकी. जितकी फाटकी, तितकं दुःख मोठं. आमच्या घरची माझ्या आजीनं केतकीच्या पानांची विणलेली, काखेपासून पोटरीपर्यंत येते. फिनाऊनं ती मला न विचारता दोन वर्षांपूर्वी पोरीला देऊन टाकली. ती कापडात एम.ए. करते. मी चौथीपर्यंत शिकलेली. मला वाटायचं, इतकी वर्षं कापड शिकणारी कापड करायला शिकत असेल. तसं नसतं म्हणे. जुनं कापड आणखी जुनं होऊ नये, एवढंच शिकायचं.

तिनं सगळ्यांसमोर चटईभोवतीचा कागद उलगडला. धूर गेलेला, चिखल गेलेला, डुकराच्या चरबीचे डाग गेलेले. एकोणीस भोकं होती, एकोणीसच्या एकोणीस शिवलेली. दोरासुद्धा पानाच्या रंगात रंगवलेला, उजेडात धरल्याशिवाय दिसू नये असा.

तिची मावशी फुसी राखेच्या हातांनी चुलीकडून आली. म्हणाली, "अगं, बापाला पुरायला आलीस की लग्न लावायला?"

प्रेत समोर होतं म्हणून मी कमी बोलले. म्हटलं, हे नेसून तू त्याच्या मागून चालणार नाहीस. पोरीनं मान खाली घातली. सहा आठवड्यांनी परीक्षक येणार, त्यांना हीच चटई दाखवायची आहे, दोन वर्षांचं काम तिच्यातच आहे, दुसरं काही नाही, असं हळूच सांगितलं. आज मावशीची एखादी फाटकी नेसते म्हणाली. मी म्हटलं, या घरची मुलगी या घरची चटई नेसेल. दुपारी दोनला त्याला उचलायचं आहे. तोवर ती होती तशी कर, नाहीतर चुलीपाशी बस.

मला वाटलं, रडेल, नाहीतर रागानं टराटरा फाडेल. तिनं दोन्ही केलं नाही. माझ्यापासून हातभर अंतरावर दाराशी बसली, पिशवीतून छोटी कात्री आणि चिमटा काढला, आणि एकेक टाका काढायला लागली. प्रत्येक भोकाचा नंबर वहीत लिहायची. एक पान तडकलं नाही. मी विचारलं, इतकं सहज कसं निघतं.

"आत्या, आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. उद्या कुणी नको म्हटलं तर काढता आला पाहिजे, असाच टाका घालायचा."

"म्हणतं का कुणी नको?"

"तुम्ही पहिल्याच."

चौदावं भोक मागच्या काठाला होतं, तळहाताएवढं. बाकीची घड्यांवर झिजलेली, हे आडवं ओढून फाटलेलं, ते कसं, असं तिनं विचारलं. मी सांगितलं. आमचे वडील गेले तेव्हा ही चटई मी नेसले होते. फिनाऊ सात वर्षांचा. दफनभूमीपर्यंत माझ्या मागे, काठ मुठीत धरून चालला. खड्ड्यापाशी कुणीतरी त्याला उचलायला गेलं. त्यानं मूठ सोडली नाही.

तिची पेन्सिल थांबली. ते भोक तिनं शेवटी उसवलं. मी हात घातला, चार बोटं आत गेली. आता मला काहीतरी होईल म्हणून वाट पाहिली. झालं नाही. चटई खरखरीत होती, बस.

दोनला ती सगळ्यांत मागून चालली. फाटकाच्या कडीत अडकून चटई आणखी एका जागी फाटली. तिनं पाहिलं आणि तसंच राहू दिलं.

दहाव्या दिवशी भावाच्या मुलांचे केस कापायचा मान माझा. ती केस मोकळे सोडून माझ्यापुढे पाठमोरी बसली. सरांना फोन करून सगळं सांगितलं म्हणाली. परीक्षेचं काय होईल, ठाऊक नाही. मग विचारलं, "आत्या, माझं चुकलं का?"

मी केसांची मूठ धरली, कात्री चालवली आणि म्हटलं, "शिवलीस ते चुकलीस, विचारलं नाहीस म्हणून. उसवलीस ते चोख. त्या परीक्षकांना ही अशीच दाखव, आणि चौदावं भोक कुणाच्या मुठीचं ते सांग. एवढं ऐकून नापास केलं, तर त्यांना कापडातलं काही कळत नाही. आणि माझ्या वेळी हीच नेस. एक टाका जरी घातलास, तर पेटीतून उठून बसेन."